मन्नाना, तिची जागा आणि कोळशाचं गाढव

टँजियरच्या मोठ्या वेशीतून आत आलं की उतारावर डाव्या हाताला हौद लागतो, आणि हौदाच्या भिंतीला पाठ टेकून मन्नाना पाव विकत बसलेली असे. असे म्हणजे असेच. सुलतान बदलले, बंदरावरचे अंमलदार बदलले, मन्नानाचे स्वतःचे दोन नवरे एकामागून एक अल्लाला प्यारे झाले, पण तिची जागा काही हलली नाही. वर द्राक्षाचा वेल, मागे हौदाची गार भिंत आणि खाली एक रुंद दगड. दगडाला मधोमध खळगा पडलेला. तिच्या आधी तिची आई तिथे बसायची. निम्मा खळगा आईने पाडला आणि निम्मा मी, असं मन्नाना सांगायची. तिचा एकंदर घेर पाहता तिचा वाटा निम्म्याहून जास्तच असावा, पण हे तिच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

तिचे पाव गोल, जाडसर, बडीशेप घातलेले. पहाटे कणीक मळायची, गल्लीच्या भट्टीत पाव भाजून आणायचे, लोकरीच्या फडक्यात गुंडाळून टोपलीत रचायचे, की मन्नाना दिवसभर बोलायला मोकळी. आमच्याकडे पाव विकत घेणाऱ्याची एक खोड असते. पाव उचलायचा, अंगठ्याने दाबायचा, उलटा करून बुडावर टिचकी मारायची, आणि परत ठेवून शेजारचा उचलायचा. मन्नानाला ह्याची भारी चीड.

"दाब की अजून! पाव आहे तो, सुनेचा गाल नाही."

"मावशी, कालचा तर नाही ना?"

"कालचा असता तर तुझ्या डोक्यात घातला असता. ताजा आहे म्हणून वाचलास."

लोक हसायचे आणि पाव घ्यायचे. तिच्या तोंडाला फडकं बांधायला कोणी जन्माला आला नव्हता, पण पावात खोट नव्हती. बाजाराचे मोहतसिब काठी टेकत, तराजू घेऊन पावांची वजनं तपासायला यायचे तेव्हा बाकीच्या बायकांची छाती धडधडायची, आणि मन्नाना मात्र पाय पसरून बसायची.

समोरच्या कोपऱ्यावर तामो बसे. ती डोंगरातली. नवऱ्याने दुसरी बायको आणली तशी हिने काठाला निळे लोकरी गोंडे लावलेली भलीमोठी गवती टोपी डोक्यावर चढवली आणि चालत टँजियर गाठलं. पाव तीही बरे करायची, पण उशिरा येणाऱ्याला उरलेली जागा. तामोला मिळाला तो कोपरा, जिथून कोळसेवाल्यांची गाढवं सरायकडे वळतात. ऊन जरा चढलं की तिथे सावली औषधालाही मिळत नसे. आणि वळणारं प्रत्येक गाढव मान लांब करून टोपलीची चौकशी करून जाई. तामो एका हाताने पाव विकायची आणि दुसऱ्या हाताने गाढवं हाकायची. गाढवांची रांग वेशीतून आत शिरली की मन्नाना हौदापासून ओरडायची, "तामो, तुझी गिऱ्हाइकं आली गं!"

सगळी गल्ली हसायची. तामोही हसायची. दुसरं करणार काय?

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात वसंतात एक फिरंगी आला. न्हाव्याच्या दुकानाशेजारी त्याने पांढरी छत्री रोवली, खाली तिपाई मांडली, मांडीवर फळा घेतला आणि हौदातून पेलाभर पाणी आणून त्यात कुंचला बुडवला. आमच्या हौदाचं पाणी घेऊन तो आम्हालाच रंगवत होता. आमची भाषा त्याला वीतभर येत होती आणि तेवढ्यावर तो सगळ्यांशी गोड बोलायचा. गल्लीने त्याचं नाव छत्रीवाला ठेवलं. काही लोक त्याच्यासमोरून तोंड झाकून पळायचे, आणि बूश्ता कोळसेवाल्यासारखे काही नवा फेटा बांधून विनाकारण चार चकरा मारायचे.

छत्रीवाल्याच्या मनात भरला होता तो हौद, वरचा वेल आणि वेलातून खाली सांडलेलं ऊन. म्हणजे नेमकी मन्नानाची जागा. त्याने मान वर केली की मन्नाना, खाली केली की कागद. मन्नानाचा जीव घाबरा झाला. तिने अंगावरची पांढरी चादर नाकापर्यंत ओढली. मग कपाळापर्यंत ओढली. मग सरळ भिंतीकडे तोंड करून बसली.

"मावशी, पैसे पाठीला द्यायचे का?" एकाने विचारलं.

"तुला हसू येतंय!" मन्नाना भिंतीला म्हणाली. "हा मेला माझं तोंड घेऊन समुद्रापार जाणार. कुठल्या तरी भिंतीवर टांगणार. त्याच्यासमोर बसून डुक्कर खाणार, दारू पिणार. आणि कयामतच्या दिवशी मला विचारतील, मन्नाना, तू तिथे काय करत होतीस?"

भिंतीकडे तोंड करून धंदा होत नाही. दुसऱ्या सकाळी तिने उपाय काढला. तामोला हाक मारली.

"तामो, टोपली उचल. इकडे बस. मी तिकडे बसते."

तामो घुटमळली. थोरल्या बाईला मानाने लाल्ला म्हणतात, तसं म्हणाली, "लाल्ला, ही तुमची जागा..."

आता गल्ली ऐकत होती, आणि मन्नानाला चार लोकांत हात आखडता घ्यायची सवय नव्हती. ती झोकात म्हणाली, "बस गं. तुझीच समज!"

आमच्याकडे कोणी तुमच्या शालीचं कौतुक केलं तर "घ्या, तुमचीच आहे" म्हणायचं असतं. आणि समोरच्याने ती घ्यायची नसते. दोघांनी छातीवर हात ठेवायचा, एकमेकांना दुवा द्यायची आणि शाल जिथल्या तिथे राहते. हे शेंबड्या पोरालाही कळतं. तामोलाही कळत होतं.

पण तामो त्या दगडावर बसली, आणि तिला पहिल्यांदा कळलं की पाव विकताना पाठ टेकता येते. डोक्यावर पानं सळसळत होती. गिऱ्हाईक पाणी भरायला यायचं आणि जाताना पाव घेऊन जायचं. दुपारच्या अजानीच्या आत टोपली रिकामी. वर छत्रीवाल्याने बसण्याबद्दल एक नाणंही दिलं. तिकडे कोपऱ्यात मन्नानाची दैना चालली होती. ऊन डोळ्यांत, धूळ नाकात. एका सकाळी तर तिच्या टोपलीतले तीन पाव नाहीसे झाले. तिने बूश्ताला धरलं. त्याचं गाढव सगळ्यांत हावरट, कोळशाने काळ्या झालेल्या नाकाचं, एक कान फाटका.

"तुझ्याच गाढवाने खाल्ले."

"आपल्या पीराची, सीदी बू-अर्राकियाची शपथ!" बूश्ता छातीवर हात ठेवून म्हणाला. "माझं गाढव पावाकडे बघतसुद्धा नाही. त्याला भुसाच आवडतो."

शेवटी एकदाची छत्रीवाल्याने छत्री मिटली. दुसऱ्या दिवशी मन्नाना टोपली घेऊन हौदापाशी आली, तर दगडावर तामो बसलेली. टोपी काढून शेजारी ठेवलेली, म्हणजे चांगलीच ठाण मांडून.

"ऊठ. गेला तो," मन्नाना म्हणाली.

तामोने मान खाली घातली, पण उठली नाही. "लाल्ला, मी मागितली नव्हती. तुम्ही म्हणालात, तुझीच समज."

"अगं, ते म्हणायचं असतं!"

"तुम्ही म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं."

सगळ्यांनी ऐकलं होतं. न्हाव्याने वस्तरा थांबवून मान डोलावली. खोटं कसं बोलणार? आणि काहींना गंमतही वाटत होती. मन्नानाकडून एकही टोमणा न खाल्लेला माणूस त्या उतारावर शोधूनही सापडला नसता.

त्या दिवशी मन्नानाने एकही पाव धड विकला नाही. घरी येऊन ती टोपलीशेजारी बसली आणि रडली. दोन नवऱ्यांना मातीत ठेवताना ती इतकी रडली नव्हती, हे तिचं तिलाच जाणवलं आणि शरमही वाटली. पण आईने पाडलेल्या खळग्यात दुसरीच कोणी बसली होती. आई गेल्यावर तिच्याजवळ आईची ना बांगडी उरली होती, ना शाल. तो खळगाच काय तो होता. आणि तो तिने स्वतःच्या तोंडाने, लोकांपुढे मोठेपणा मिरवायला, देऊन टाकला होता.

दोन दिवस भांडण माजलं. तिसऱ्या दिवशी बाजारातले तंटेही मिटवणारे मोहतसिब सी मफद्दल उतारावर आले, न्हाव्याच्या बाकावर बसले आणि काठी दोन गुडघ्यांत धरून त्यांनी दोघींना समोर बोलावलं.

"मन्नाना, तू म्हणालीस की नाही, तुझीच समज?"

"म्हणाले, सीदी. पण मनातून नाही."

"जिभेचे साक्षीदार इथे गल्लीभर उभे आहेत. तुझ्या मनाचा साक्षीदार कुठे आहे?"

मन्नानाने न्हाव्याकडे बघितलं, न्हाव्याने वस्तऱ्याकडे.

"देणं मनापासून असेल तरच ते देणं," सी मफद्दल म्हणाले. "ते मला मान्य. पण बाई, जो तो उद्या म्हणेल, मनातून नव्हतं. मग बाजार चालायचा कसा?" त्यांनी दाढीवरून हात फिरवला. निकाल कुठे झुकतोय ते सगळ्यांना दिसलं. तामोने टोपीचे गोंडे मुठीत धरले होते.

आणि नेमका तेव्हा छत्रीवाला उतारावरून आला. त्याचं जहाज संध्याकाळी सुटणार होतं, आणि जाण्याआधी पुरं झालेलं चित्र दाखवीन असा त्याने गल्लीला शब्द दिला होता. बखोटीला कापडात गुंडाळलेला फळा, चेहऱ्यावर हसू. इथे न्याय चाललाय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"चित्र आलं!" बूश्ता ओरडला, आणि न्याय राहिला बाजूला.

फळा हौदाच्या कठड्यावर टेकवला. सी मफद्दल तोंड फिरवून म्हणाले, "असल्या गोष्टी बघू नयेत." मग त्यांनी चष्मा काढून नाकावर ठेवला.

आपली गल्ली कागदावर बघितली की माणूस आधी स्वतःला शोधतो. न्हावी म्हणाला, माझं दार हिरवं आहे, ह्याने निळं काढलंय, उद्या लोक मला शोधायचे कसे? पाणीवाला रागावला, कारण तो कुठेच नव्हता. बूश्ताला आपला नवा फेटा सापडला, तोही पाठमोरा, आणि तरी तो खूश झाला. आणि मधोमध, वेलाच्या हिरव्या उजेडात, टोपी घालून, राणीसारखी बसलेली तामो. निळे गोंडे इतके हुबेहूब की हात लावावासा वाटावा.

"हे बघा," कोणीतरी म्हणालं, "कागदसुद्धा सांगतोय, जागा कोणाची."

मन्नानानेही बघितलं. तिच्या जागेवर तामो किती शोभत होती!

सी मफद्दल मात्र चित्रावर वाकले होते. त्यांची काठी हळूहळू कडेला सरकली आणि कोपऱ्यात थांबली.

"ही कोण?"

कोपऱ्यात, उन्हात, पांढरी चादर पांघरलेली एक जाडगेली बाई बसली होती. एक हात कपाळावर आडवा. चेहरा असा नव्हताच. चादरीच्या फटीत काळ्या रंगाचे दोन ठिपके होते, आणि ते ठिपके समोरच्या हौदाकडे लागले होते. नुसते लागले नव्हते, खिळले होते. लेकरू दुसऱ्याच्या कडेवर देऊन आई उभी राहते ना, तशी ती बाई त्या दगडाकडे बघत होती. पुढ्यात टोपली. आणि तिच्या मागून मान लांब करून, फाटका कान मागे पाडून, एक काळ्या नाकाचं गाढव तोंडात अख्खा पाव धरून उभं होतं.

न्हावी जो हसत सुटला, त्याच्यामागे सगळी गल्ली. पाणीवाल्याने हौदाचा आधार घेतला.

"ते माझं नाही," बूश्ता म्हणाला. "गाढवं सगळी सारखीच दिसतात."

"कानसुद्धा सारखेच फाटतात का?" पाणीवाला म्हणाला.

सी मफद्दल हसले नाहीत. "मन्नाना, तुझ्या पावावर माशी बसली तर तू तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेस. गाढव पाव खात होतं, तुझ्या खांद्याशी, आणि तुला दिसलं नाही?"

"नाही, सीदी."

"मग बघत कुठे होतीस?"

मन्नानाने चादर डोळ्यांवर ओढली. उत्तराची गरज नव्हती; उत्तर कठड्यावर टेकवून ठेवलेलं होतं.

"दिलेल्या वस्तूकडे कोणी असं बघत नाही," सी मफद्दल म्हणाले. "हिने दिली ती जिभेने. मन हिचं इथेच राहिलं होतं. जागा मन्नानाची. बूश्ता, तीन पाव भरून दे, आणि शपथेचं सीदी बू-अर्राकियाशी तुझं तू निस्तर. आणि मन्नाना, ह्यापुढे काही द्यायचं झालं तर जीभ जरा बेताने चालव."

सगळे एकदम बोलायला लागले. छत्रीवाल्याला वाटलं, आपल्या चित्राची वाहवा चाललीय. त्याने टोपी काढून चहूबाजूंना मुजरे केले, फळा गुंडाळला आणि बंदराकडे निघून गेला.

टोपली उचलून, टोपी डोक्यावर ठेवून तामो समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या सकाळी मन्नाना आपल्या खळग्यात बसली तेव्हा तिला स्वर्ग मिळाला. दगड गार, पाठीला भिंत, वर वेल. पहिल्या गिऱ्हाइकाला तिने असा टोमणा मारला की तो खूश होऊन दोन पाव जास्त घेऊन गेला. ऊन चढलं. वेशीतून गाढवांची रांग आत शिरली. नेहमीचं वाक्य मन्नानाच्या ओठांवर आलं, "तामो, तुझी गिऱ्हा..."

ते अर्ध्यावरच थांबलं. कोपऱ्यात तामो बसली होती. टोपी असूनही ऊन समोरून येत होतं, म्हणून एक हात कपाळावर आडवा. आणि डोळे इकडे, हौदाकडे, वेलाकडे, दगडाकडे. रागाने नाही, नुसतेच लागलेले. तिच्या मागून बूश्ताचं गाढव मान लांब करत होतं आणि तिचं लक्ष नव्हतं. हे चित्र मन्नानाने पाहिलं होतं. कालच पाहिलं होतं, कागदावर, आणि त्यातली बाई ती स्वतः होती. तिला पाच-सहा सकाळींत रडू फुटलं होतं. ही बया दोन वर्षं तिथे बसली होती आणि वर हसत होती. मन्नानाला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग यायचा.

"तामो! मागे गाढव!" ती किंचाळली. "आंधळी झालीस का?"

तामोने दचकून टोपली ओढली. पाव वाचला.

"आता बघतेस काय? उचल ती टोपली. ये इकडे."

"लाल्ला, मोहतसिब म्हणाले..."

"मोहतसिब काय म्हणाले? जागा कोणाची?"

"तुमची."

"मग माझ्या जागेत कोणाला बसवायचं ते मी ठरवीन. ये. आणि ती टोपी काढ आधी, गोंडे डोळ्यांत जातात माझ्या."

मन्नाना सरकली. तिला सरकणं म्हणजे एक काम होतं, पण सरकली. तामो टोपली घेऊन जवळ आली आणि तिथेच उभी राहिली. तिचे डोळे हसत होते.

"लाल्ला, ह्या वेळी मनापासून म्हणताय ना? नाहीतर चित्रकार परत बोलवावा लागेल."

"तुझीच समज म्हटलेलं नाही हं मी!" मन्नाना कडाडली. "जागा माझी आहे. तू नुसती बस."

तामो बसली, दगडाच्या कडेला. खळगा एकीच्याच मापाचा होता, त्यामुळे तेव्हापासून रोज भांडण. कोपर लागलं, टोपली सरकली, तुझं गिऱ्हाईक माझ्या पायावर उभं राहिलं. पाणी भरायला येणारे लोक मुद्दाम रेंगाळून ऐकायचे. दोघींचे पाव दुपारच्या आत संपायचे आणि भांडण तेवढं उरायचं.

छत्रीवाल्याचं चित्र समुद्रापार कुठल्या भिंतीवर आहे कोणास ठाऊक. त्यात मन्नाना अजून उन्हात बसून आपल्या जागेकडे बघतेय. इथे त्या कोपऱ्यात आता कोणी बसत नाही. बूश्ताचं गाढव वळताना सवयीने मान लांब करतं, काही मिळत नाही, आणि पुढे जातं.

मन्नाना मागच्या थंडीत गेली. तामो हौदापाशीच असते, पण दगडाच्या कडेलाच बसते. खळगा मोकळा ठेवते. ऊन फिरलं की फार तर टोपली टेकवते, तीही पुसून. परवा नव्या पाणीवाल्याने तिला विचारलं, मावशी, एवढी ऐसपैस जागा असून अशी कडेला का लोंबकळतेस?

"जागा लाल्लाची आहे," तामो म्हणाली. "मला त्या नुसती बस म्हणाल्यात."